पाठ नसलेला बाक

बुधवार, जेवणं उरकल्यावर

आमच्या स्टेशनावरच्या एकुलत्या एका बाकाला पाठ नाही, याची इतिहासाने नोंद घ्यावी. ब्रह्म खुशाल निराकार असो, त्यावर बसून कुणी गाडीची वाट बघत नाही. बाकाला मात्र पाठ हवी. त्याच बाकावर ताई आज अंधार पडेपर्यंत एकटी बसली. भोवती नुसती खाचरं, ना टपरी ना माणूस. तिला आणायला बाळारामची टमटम सांगितली होती. गाडी लेट झाली, त्याला एमआयडीसीची शिफ्टवाली माणसं मिळाली आणि हा चालता झाला. शेवटी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवरून मीच तिला घेऊन आलो.

जाब विचारला तर म्हणतो, "शीटा भरल्या का थांबता येत नाय, भाऊ. आनि ताय काय हरवनार हाय? टेशनात हाय कोण चोरायला?"

ठीक. त्याच्या संघाने तुडीलची क्रिकेट स्पर्धा जिंकली, ती बातमी मला उद्या पेपरला धाडायची आहे. हरलेल्यांच्या झुंजार खेळावर रकानाभर लिहीन, जिंकणारे म्हणजे 'अन्य एक संघ'. फोटोत बाळारामचं नुसतं कोपर ठेवीन. क्षमेवरचे श्लोक पुष्कळ पाठ केले होते, आज एकही आठवेना.

पण त्या बाकाला पाठ असती, तरी ताई घाबरलीच असती ना?

जेवताना हसत म्हणाली, "पुढच्या खेपेला तूच ये रे माझ्याकडे पनवेलला. ते स्टेशन आता नको वाटतं."

आई गेल्यापासून या घरी माहेरपणाला येणारी ती एकटीच. ती खरंच यायची थांबेल, याची मला भीती वाटते.