तीन बार आणि एक नकार

प्रिय प्रणाली यांस,

बुधवार, १२ नोव्हेंबर, दुपारचे चार दहा. अमरावती स्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत लिहितो आहे.

पाहण्याच्या दिवशी तुम्ही विचारलंत, "बारमध्ये जाता का?" मी नाही म्हणालो. खरं म्हणजे तीनदा गेलो. मूर्तिजापूरला मित्राच्या वरातीआधी, अकोल्यात पहिल्या पगाराला आणि आज इथे, लोक तिथे तासन्‌तास काय बोलतात ते ऐकायला.

शेजारच्या टेबलावर तुमचे बाबा होते. बशी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "जावईबापू, तुमी मले पाह्यलं नाही, मी तुमाले पाह्यलं नाही. चने घ्या."

मी घेतले. आता तिसरा बार कबूल करायचा तर बाबांचंही नाव येईल, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील. पण तो प्रश्न मला विचारताना तुम्ही बाबांकडे का बघत होतात?

आपला,
अंकुर