झिपऱ्याचा खुबा

पळसदेव, कार्तिक शु. ५, शके १८५८

ती. हिंदुरावदादांस लीलेचा शि. सा. न. वि. वि. हितं समदी खुशाल हायेत. गुरांच्या दवाखान्यात बहिणीचं पत्र वाचायला सवड हाय का न्हाय?

तुमी उन्हाळ्यात दिलेला झिपऱ्या कुत्रा आता वासराएवढा झालाय. पहाटं भीमेवर धुकं असतं. मी घागर घेऊन जाते, तो मागचे दोन्ही पाय जोडून वाळूतनं उड्या मारत पुढं पळतो. सपनात चालल्यागत वाटतं, मी बघतच राहते. मामंजी म्हणतात, खंडोबाचं वारं हाय त्याच्या अंगात. गावच्या बाया त्याला भंडारा लावून पाया पडतात. चंपाषष्ठीला मामंजी त्याला जेजुरीला चालवत नेणार हायेत.

पण दादा, उठताना तो कण्हतो वो. लई जीव जडलाय त्याच्यावर. नेऊ द्यावं का? लगोलग कळवा. माया हाय तशीच राहू द्या.

बारामती, कार्तिक शु. १२

चि. सौ. लीलाबाईस अनेक आशीर्वाद. अगं शहाणे, देव अंगात यायचा तर हलगी वाजल्यावर येईल, उठताना कण्हत कशाला येईल? हे मामंजींना वाचून दाखवू नकोस.

ओल्या वाळूतले ठसे बघ. मागचे पाय जवळजवळ पडतात का? मग त्याला कुशीवर निजव, खुब्यावर तळवा ठेव आणि मांडी हळूच बाहेर घेऊन परत आण. ओढू नकोस. हाताखाली टक् झालं, तर मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसत नाही असं समज. जन्माचं दुखणं ते. आमचे डॉक्टरसाहेब म्हणतात, औषध नाही, आणि तापल्या लोखंडाचा डाग तर मुळीच देऊ नका. सडपातळ ठेव, नदीत पोहू दे. जेजुरीपर्यंत चालला तर मागचं अंग ओढतच परत येईल.

एक सांगायचं राहिलं. त्याची आई अशीच उठायची. मला दिसत होतं, पण पिल्लू इतकं देखणं की मन आवरलं नाही. चुकलंच माझं. भावावर राग धरू नये ही विनवणी.

पळसदेव, कार्तिक व. १०

ती. दादांस शि. सा. न. राग आला होता, दोन दिवस. मग गेला. ठसे तुमी म्हणता तसेच. खुब्यावर हात ठेवला, तर जात्याचा खुंटा ढिला झाल्यागत टक् झालं. मला रडूच कोसळलं. नाच म्हणून बघत बसले, ते त्याचं दुखणं होतं!

मामंजींना सांगायचं कसं? सुनेनं सासऱ्याचा हात धरू नये, पण काल धरला आन् खुब्यावर ठेवला. दोनदा टक् झालं. झिपऱ्या त्यांचा हात चाटत राहिला. मामंजी म्हणाले, देवाला दुखत होतं आन् आमी त्याला नाचवत होतो.

जेजुरी मात्र चुकवायची न्हाय म्हणतात. अमावास्येला निघून दुसऱ्या दिवशी बारामतीत येतील. दवाखान्यापुढं उभे राहा. गडी बैलगाडी हाकंल, तिच्यात कडब्यावर, मामंजींच्या घोंगड्यात झिपऱ्या बसलेला दिसंल. मामंजी गाडीत दिसले न्हाईत तर घाबरू नका. ते मागनं अनवाणी चालत येतील. देव बसंल, मी चालंन, म्हणतात. लई समजावलं, ऐकत न्हाईत.

त्यांच्या पायांस तेवढं तेल चोळा. झिपऱ्याच्या डोक्यावरनं माझा म्हणून एक हात फिरवा, आन् माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची लीला