ओळख सांगणारी दोन माणसं

मंगळवार, ११ मार्च
संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे, दुकानाच्या काउंटरवर

प्रिय दादा,

आत्ताच एका मुलीच्या बायोडेटाच्या प्रती काढून दिल्या. झेरॉक्सचं मशीन तापलंय, ते गार होईपर्यंत बस म्हणाले मालक, म्हणून बसलोय. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा लिहितोय. वहिनीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवीन, म्हणजे निदान तुझ्या हातात तरी पडेल. ती सांगत होती, तू आता डाव्या हाताने अगदी वळणदार लिहितोस. उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. पाकीट बंद करण्याआधी मी शुद्धलेखन दोनदा तपासणार आहे. नववीत शाळा सुटली, पण ती खोड काही सुटली नाही. तू चिडवायचास ना, याला वेलांटी चुकली तर जेवण जात नाही म्हणून, तसाच आहे अजून.

घरची बातमी अशी, की बाबा कामाला जायचे ते काचेचं दुकान बंद झालं. म्हाताऱ्या शेठच्या मुलाने जागा विकून टाकली. एकतीस वर्षं काम केलं आणि निघताना बाबांनी फक्त स्वतःची हिरकणी मागून घेतली, काच कापायची, लाकडी मुठीची. ती आता खिडकीत असते. सकाळी उठून ते दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, आणि जायला कुठे नसतं म्हणून तसेच खुर्चीत बसून राहतात. मध्यंतरी शेजारच्या काकूंच्या खिडकीची तडकलेली काच बदलून दिली. काकूंनी विचारलं, भावजी, किती झाले? तर म्हणाले, दुसरी पण फोडा, मग दोन्हीचे एकदम घेतो. स्वतःच हसले. बऱ्याच दिवसांनी. मग पुन्हा खुर्ची. मी दुकानातून परत येतो तेव्हा त्या शर्टाला एक चुणी पडलेली नसते, आणि ते बघवत नाही.

गेल्या आठवड्यात एका मोठ्या फर्निचर कंपनीची जाहिरात आली. काच बसवणारा अनुभवी माणूस हवा, वयाची अट नाही, बायोडेटा आणावा. बायोडेटा तर मी रोज करतो. एक पान पुरे. वर नाव आणि फोन, खाली आधी काम, मग शिक्षण. मेहनती, होतकरू असलं काही लिहू नका, काय केलंत ते लिहा. जे विचारल्यावर सांगता येणार नाही ते तर मुळीच लिहू नका. लोकांना मी हे घडाघडा म्हणून दाखवतो. पण बाबांना काउंटरच्या पलीकडे स्टुलावर बसवलं आणि माझी बोटंच चालेनात. विचारलं, काय काय येतं? म्हणाले, काच. अजून? आरसा. मागून मालक म्हणाले, अहो, आरसा म्हणजे काचच की! तर बाबा म्हणाले, एकदा दोन्ही उचलून बघा, मग बोला. मग हळूहळू सुटले. आरसा लावायच्या आधी भिंत तळहाताने चाचपायची, ओल असेल तर गिऱ्हाइकाला परत पाठवायचं. कापलेल्या काचेची धार घासून बोथट केल्याशिवाय ती कोणाच्या हातात द्यायची नाही. मी सगळं त्यांच्याच शब्दांत घेतलं. इतका चांगला बायोडेटा मी आजवर केलेला नाही, दादा.

आमच्याकडे एक नमुना आहे, त्यात कारागिरांसाठी शेवटी एक ओळ असते. तीच मी सवयीने घातली : 'एकतीस वर्षांत एकही अपघात नाही.' सगळं वाचून दाखवलं. बाबा मान हलवत ऐकत होते. त्या ओळीला थांबले. म्हणाले, ते काढ. मालक म्हणाले, अहो, साहेबलोक तेवढंच तर वाचतात. बाबा म्हणाले, एक झालाय.

त्या दिवसाबद्दल आपल्या घरात कोणी बोलत नाही. तू दवाखान्यातून येऊन ओरडून सांगितलंस तेवढंच मला माहीत आहे. मोठी काच, तिसरा मजला, बाबा वरच्या पायरीवर, तू खाली. दार ढकलायला बाबांनी एक हात सोडला. आणि शेठला सांगितलं, पोराची पकड सुटली. त्यांची नोकरी राहिली. तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकायची थांबली. तू घरी आलास तो बॅग भरायलाच. दारातून म्हणालास, आजपासून तुमचं माझं नातं संपलं. बाबांनी या चार वर्षांत तुझं नाव एकदाही घेतलं नाही. मला वाटायचं, राग आहे.

ती ओळ मी काढली. आता खाली ओळख सांगणारी दोन माणसं हवी होती, ज्यांना कंपनी फोन करून विचारते. एक शेठ झाले. दुसरं कोण, म्हटल्यावर त्यांनी तुझं नाव सांगितलं. मी म्हटलं, बाबा, नात्यातलं चालत नाही, जाहिरातीतच लिहिलंय. ते स्टुलावर बसून हिरकणीची मूठ अंगठ्याने घासत होते. म्हणाले, मग चालेल की. तोच म्हणाला होता ना, नातं नाही म्हणून. मला वाटलं थट्टा करतायत. वर बघितलं तर तसं नव्हतं. तुमची ओळख कशी, हेही तिथे लिहावं लागतं. ते त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं : 'माझ्या हाताखाली काम शिकला. हात मी सोडला, दोष त्याच्यावर ढकलला.' मालक खांद्यावरून वाचत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, अरे, हे वाचून कोण ठेवेल त्यांना कामावर? खरं होतं ते. मी दुसरं वाक्य पुसलं आणि बाबांना तसं सांगितलंही. ते कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिले. वाचता येत नाही त्यांना एवढं, तरी बघत राहिले. मग म्हणाले, 'मग त्याला कळणार कसं?'

कागद काल कंपनीत दिले. येत्या सोमवारनंतर अनोळखी नंबरवरून फोन येईल, तो उचल. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मी त्यात पडत नाही. बाबांनाही मी पत्र लिहितोय हे ठाऊक नाही. पुसलेलं वाक्य तेवढं तुझ्यापर्यंत पोचवायचं होतं.

मशीन गार झालंय. बाहेर दोघं उभे आहेत.

तुझाच,
धाकटा