अँटिफ्रीझचे खंडन

माहूज, मनामा
२१ नोव्हेंबर २०२४

चि. गंधार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

या पत्राने एवढेच सिद्ध करायचे आहे, की हिवाळ्यासाठी कॅराव्हॅन बंद करताना तिच्या सांडपाण्याच्या पाइपांत अँटिफ्रीझ ओतणे हा बहारीनमध्ये शुद्ध वेडेपणा आहे. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून पत्र.

तुम्ही हिवाळाभर पुण्यात, म्हणून गाडी माझा मित्र मुख्तार याच्या बुदैयातल्या बागेत उभी, आणि ती नीट बंद करण्याचे काम या काकाकडे. तू पाठवलेल्या व्हिडिओतला कॅनडाचा गृहस्थ गुडघाभर बर्फात उभा आहे. पाणी गोठले तर पाइप फुटतो. येथे पाणी गोठत नाही. सबब तुझी अँटिफ्रीझची गुलाबी बाटली निरर्थक. येथे कडाक्याची थंडी म्हणजे माझी लेक, तेजस्वी, शाल पांघरून एसी लावते ती. दोन्ही टाक्या मी रिकाम्या करून धुतल्या. सिंकखालच्या वाकड्या पाइपात साचलेले पाणीसुद्धा उपसून काढले.

लोभ आहेच; तो वाढवण्याआधी हे पत्र दोनदा वाच.

राजनकाका


पुणे
५ डिसेंबर २०२४

ती. राजनकाका यांस सा. न. वि. वि.

पत्र सर्वांसमोर मोठ्याने वाचले. सुरेखा म्हणाली, की जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या चुलत सासऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा बहारीनमध्ये बर्फ पाडणे सोपे. बर्फाचा मुद्दा मान्य, हरलो. पण काका, बाटली तेवढी ओताच. इतके लोक उगाच ओतत नसतील. घरात पाहुणे मावत नाहीत म्हणून मुख्तारचाचा लेकीच्या, हिनाच्या साखरपुड्याचे कपडे आठवडाभर आपल्या गाडीत टांगणार आहेत. आत वास येणार नाही ना, असे अजराचाची विचारत होत्या. मी तुमचे नाव सांगून आणि तुमच्या पत्राचा फोटो पाठवून त्यांना निश्चिंत केले.

लोभ असावा, युक्तिवाद थोडा कमी असला तरी चालेल.

गंधार


माहूज, मनामा
२९ डिसेंबर २०२४

चि. गंधार यास आशीर्वाद.

बाटली मी ओतली नाही. हरलेल्या पक्षाचा सल्ला घेण्याची मला सवय नाही.

काल साखरपुडा झाला. सकाळी अजराने गाडीचे दार उघडले आणि तसेच लावून घेतले. टाकी कितीही धुतली तरी तिच्यात वास राहतो. वाकड्या पाइपातले पाणी तो खालीच अडवते, आणि ते पाणी मी उपसले होते. तुझा द्रव तेथे लवकर सुकत नाही, म्हणून उबदार देशांतही ओततात. बाटलीच्या मागच्या बाजूस हे लिहिलेले आहे; मी पुढची बाजू वाचून निकाल दिला होता.

हिनाचा साखरपुड्याचा शरारा अंगाला लावण्याजोगा राहिला नव्हता. मुख्तार म्हणाला, की यल्ला, चला राजनभाई, आता हा वास नाही असे सिद्ध करून दाखवा. हिना घरातल्या सुती सलवार-कमीझमध्ये पाहुण्यांसमोर बसली. होणाऱ्या सासूबाईंनी कपड्यांचे विचारताच ती म्हणाली, की वास नसल्याचा लेखी पुरावा आमच्याकडे आहे, फक्त नाकाला वाचता येत नाही. सगळे हसले. अजरा हसली नाही. आज मी माफी मागायला गेलो, तर तिने चहा दिला आणि आत निघून गेली.

म्हणून सहीनिशी लिहून देतो: तुझे कारण खोटे ठरले, एवढ्यावरून मी तुझे म्हणणेही खोटे ठरवले. विद्यार्थ्याने हे केले असते तर मी त्याला नापास केले असते. चूक माझी.

राजन वामन खांबेटे