उत्तर देणाऱ्याचं नाव

सांगली,
१२ डिसेंबर १९९९

प्रिय माया,

सप्रेम जयभीम. कोरेगावला थंडी पडली असेल. सासरी तुला किती वाजता उठावं लागतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

पुण्याहून दोन दिवसांच्या रजेवर आलो आहे, आपल्या जुन्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून लिहितो आहे. मघाशी तात्याबा शिपाई म्हणाला, "काय रं, बहिणीचं गणित बंद झालं व्हय?" दोन वर्षं त्याने बघितलं होतं. इंटरनेटवरच्या त्या फुकट पानावर दर आठवड्याला एक कोडं यायचं. मी ते मराठीत उतरवायचो आणि कवठे महांकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो. तिसऱ्या दिवशी त्याच्याच हाती तुझं उत्तर यायचं. आबा म्हणायचे, "फुकट कोण शिकवतंय गं? मागनं कायतरी मागत्यालच." कोणी काही मागितलं नाही. उत्तराखाली फक्त नाव आणि ई-मेल लिहायचा असे.

बारावीनंतर आबांनी तुझं शिक्षण थांबवलं, तेव्हा निदान हे तरी आहे असं मला वाटायचं. ते पटाचं कोडं घे. बुद्धिबळाच्या पटाचे तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे कापले, तर उरलेला पट दोन-दोन घरांच्या तुकड्यांनी भरेल का? मी चार दिवस पुठ्ठे कापून मांडत बसलो. तू एवढंच लिहिलंस : प्रत्येक तुकड्याखाली एक काळं, एक पांढरं घर येणार, कापलेली दोन्ही घरं एकाच रंगाची, भरणार नाही. आणि खाली, "दादा, जरा अवघड पाठव की."

ई-मेल माझा होता, म्हणून पहिल्यांदा नाव माझं टाकलं. दुसऱ्यांदा तसं काही कारण नव्हतं. अचूक उत्तरं देणाऱ्यांची यादी तिथे लागायची. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, नावं छापत नाहीत. आमच्या सरांनी यादीत माझं नाव पाहिलं आणि पुण्याच्या नोकरीसाठी शिफारस केली.

एप्रिलमध्ये तुला स्थळ आलं. आबांनी मला अंगणात बाजूला घेतलं. "तू शिकलेला हायस. खरं सांग, पोरीत शिकण्यासारखं काय हाय का? आसंल तर मी त्यास्नी न्हाई म्हणतो." नेमणुकीचं पत्र माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, "बरी हाय. घरापुरतं येतंय." मे महिन्यात तुझं लग्न झालं. त्या दिवशी तू माझ्याच ताटात जास्त वाढत होतीस.

काल कवठ्याला जाऊन मी आबांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मी पोरीला इचारलंच न्हाई. तुलाच इचारलं." शुक्रवारी ते कोरेगावला येणार आहेत. तुला पुढे शिकायचं आहे का, एवढं ते तुझ्या सासऱ्यांसमोर विचारतील. तोपर्यंत तुला सगळं ठाऊक असावं, म्हणून हे लिहिलं. त्या घरात काय शक्य आहे ते मला कळत नाही. मी बरोबर येतो म्हणालो. ते नको म्हणाले.

तुझाच,
नागसेन