पंख्यातला चौथा दाणा

झिंडेलफिंगेन,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५,
सकाळचे ११.२६

प्रिय संपदाताई,

नमस्कार. तू बरी असशील. तुझी मांजरही बरी असेल. मांजरीचं आईकडून कळलं. मी ठीक आहे, अनिमेषही ठीक आहे. इकडे सकाळी सात अंश असतं, हीटर सुरू केलेत. लुडविग्सहाफेनला ऱ्हाइनवरून वारा येतो म्हणजे तुमच्याकडे जरा जास्तच असेल.

तीन वर्षांनी पत्र, तेही हातानं लिहिलेलं, म्हणून तू पाकीट उलटंसुलटं करून पाहशील. अक्षर माझंच आहे. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात धुण्याची खोली आहे, तिथे स्टुलावर बसून लिहितेय. मशीनवर एक तास सतरा मिनिटं दिसताहेत. तेवढ्यात संपवायचं आहे. पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन उचलू नकोस. फोन नको, मेसेज नको, मेल नको. कारण पुढे लिहिते.

आधी कॉम्प्युटरबद्दल लिहिते, कारण ते मला नीट लिहिता येतं.

आमच्या हॉलमध्ये एक कॉम्प्युटर आहे. खाली टॉवर, वर मॉनिटर, मॉनिटरवर कॅमेरा. सहा वर्षांचा आहे पण चांगला होता. सुरू व्हायला पन्नास सेकंद लागायचे. यंदाच्या जानेवारीपासून चार मिनिटं लागायला लागली. मी रीतीप्रमाणे एकेक करून पाहिलं. नको ते प्रोग्रॅम काढले. डिस्कवर जागा केली. व्हायरस शोधला, सापडला नाही. मेमरी दुप्पट केली. थोडा फरक पडला, दोन आठवड्यांत पुन्हा तेच. अनिमेष म्हणायचा, "शरू, गाड्यांचे ब्रेक कॉम्प्युटरवर तपासतेस ना तू? मग घरचा का चालत नाही?" सगळ्यांसमोर म्हणायचा, हसून. लोकही हसायचे.

दसऱ्याला अनिमेषनंच कॉम्प्युटरची पूजा केली. पूजेची हौस त्याला माझ्यापेक्षा जास्त. "इंजिनिअरबाई, यंत्राला नमस्कार करा," म्हणाला. टॉवरच्या वरच्या बाजूला जाळी असते, आतली गरम हवा तिथून बाहेर जाते. त्या जाळीवरच त्यानं कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि अक्षता वाहिल्या. तू आम्हाला लहानपणी ओरडायचीस ते आठवलं: अक्षता शिवणयंत्राच्या पाटावर, चाकात नाही! मी त्याला काही बोलले नाही. आजकाल बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी टॉवर वाजू लागला. टिक, टिक, टिक. पंख्याच्या पात्याला तांदूळ लागत होता. मी म्हटलं, सवड मिळाली की उघडू.

ताई, त्या तांदळामुळे मला कळलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी घरून काम करते. त्याच टेबलावर, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर. घरचा कॉम्प्युटर तेव्हा झोपलेला असतो. गेल्या मंगळवारी, सात तारखेला, ११ वाजून ४ मिनिटांनी टिकटिक सुरू झाली. मी काहीही दाबलं नव्हतं. मॉनिटर काळाच होता. ११.१९ ला थांबली. पुन्हा २.३१ ला सुरू झाली, नऊ मिनिटं चालली. अपडेट असेल, असं मी स्वतःला सांगितलं. शुक्रवारी ११.०२ ला पुन्हा. दोन्ही दिवशी अनिमेष ऑफिसात होता. त्याची चहाची सुट्टी अकराला असते, आणि अडीचला.

पंखा आधीही फिरतच असणार. आवाज नव्हता, इतकंच.

शुक्रवारी संध्याकाळी तो दुकानात गेला तेव्हा मी बघितलं. प्रिंटरच्या नावाचा एक प्रोग्रॅम आहे. त्या कंपनीचा प्रिंटर आमच्याकडे कधीच नव्हता. कोणी कॉम्प्युटर वापरत असलं की तो दर दहा सेकंदांनी पडद्याचा फोटो काढतो आणि बाहेर पाठवतो. दाबलेली प्रत्येक कळ लिहून ठेवतो. बाहेरून हुकूम आला की कॉम्प्युटर जागा करून कॅमेरा लावतो. एवढं सगळं चालू असल्यावर यंत्र मंद होणारच. टाकल्याची तारीख १९ जानेवारी. त्या रविवारी मी लतिकाकडे हळदीकुंकवाला गेले होते. लतिका म्हणजे माझी ऑफिसातली मैत्रीण. मी परत आले तेव्हा अनिमेष म्हणाला होता, "तू नव्हतीस म्हणून जरा कॉम्प्युटर साफ करून ठेवला."

मशीनवर बावन्न मिनिटं.

आता तू विचारशील, त्यानं हात उगारला का. नाही. कधीच नाही. आवाजसुद्धा चढवत नाही. आईला तो फार आवडतो, तुला माहीत आहे.

एप्रिलमध्ये तुझ्या वाढदिवसाला मी तुला मेल लिहिली होती. सहा ओळी. पाठवली नाही, पुसून टाकली. दोन दिवसांनी जेवताना आमटी वाढून घेत तो म्हणाला, "संपदाला 'चुकलं माझं' म्हणायची काय गरज आहे? चूक तिची होती." मी घास गिळला. मीच कधीतरी बोलले असेन असं ठरवलं. झोपेत बोलले असेन, इथपर्यंत मी गेले. मी, जी पुरावा नसला तर हवामानाचा अंदाजही मानत नाही.

जूनमध्ये एका गुरुवारी मी मानहाइमच्या गाड्यांच्या वेळा पाहिल्या. तिथून नदी ओलांडून तुझ्याकडे यायचं होतं, त्याला सांगितलं नव्हतं. शुक्रवारी तो कामावर गेला तेव्हा बाहेरून कुलूप फिरवून गेला आणि माझी किल्ली आकड्यावर नव्हती. इथल्या दारांचं तुला माहीत आहे, कुलूप फिरलं की किल्लीशिवाय आतून उघडत नाहीत. दहा तास. संध्याकाळी आला तो फुलं घेऊन. "चुकून दोन्ही किल्ल्या नेल्या गं, गधडा आहे मी." मी म्हटलं, असू दे. आता त्या प्रोग्रॅमची कळा लिहून ठेवायची वही वाचली. गुरुवारी रात्री ९.४० ला मी टाइप केलेलं 'मानहाइम' त्यात आहे.

तो प्रोग्रॅम मी काढलेला नाही. हे तुला विचित्र वाटेल. काढायला चार मिनिटं लागतील. पण काढला की त्याला कळेल की मला कळलंय.

म्हणून मी उलटं केलं. जुन्या विंडोजच्या अपडेट्स आजपासून बंद होताहेत, हे सगळीकडे छापून आलंय. तेच कारण सांगून नवी, वेगवान डिस्क आणली होती. शनिवारी बसवली. जुनीतलं सगळं नवीवर जसंच्या तसं उतरवलं, त्या प्रोग्रॅमसकट. एकही फाईल इकडची तिकडे होऊ दिली नाही. इतकं काळजीपूर्वक काम मी आजवर केलेलं नाही. अनिमेष शेजारी टॉर्च धरून बसला होता.

मी पंख्यातली धूळ काढत होते. तो म्हणाला, "ते टिकटिक करतंय ना, ते तांदूळ असणार. पूजेचे."

त्याला ते स्वतःला सुचलं का? पूजा त्यानंच केली होती, सुचू शकतं. की मी ऑफिसात जाताना फोनवर 'पंख्यात तांदळाचा दाणा' असं शोधलं होतं, ते त्यानं वाचलं? फोनमध्ये काय आहे ते मला माहीत नाही. तपासला तर तपासल्याचं कळेल. आता त्याचं कुठलंही वाक्य साधं राहिलं नाही. तो "भूक लागली का?" म्हणाला तरी मी विचार करते, हे याला कुठून कळलं.

"बघते," म्हटलं. दाणे चार होते. चिमट्यानं तीन काढून त्याच्या तळहातावर ठेवले. त्यानं ते कपाळाला लावले आणि देवापुढच्या वाटीत टाकले. चौथा मी बोटानं पंख्याच्या चौकटीत परत सरकवला. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

तो दाणा नसेल तर तो कधी बघतोय हे मला कळणार नाही.

कॉम्प्युटर आता अठरा सेकंदांत सुरू होतो. त्यानं टाळ्या वाजवल्या. मग कान दिला. "अजून वाजतंय की." मी म्हटलं, बेअरिंग गेलं असेल. "मग पंखाच बदलू," म्हणाला, आणि तिथेच फोनवरून नवा मागवला. शनिवारी, अठरा तारखेला, येणार आहे. म्हणून माझ्याकडे फक्त शुक्रवार आहे.

जुनी डिस्क तो मागत होता. "भंगारात तशीच नको देऊस, फोटो असतात. मी हातोडी मारतो." माझ्या मेलेल्या लॅपटॉपची डिस्क त्याला दिली. फरक त्याला कळत नाही, त्या प्रोग्रॅमसाठीही त्यानं कोणाची तरी मदत घेतली असणार. रविवारी याच तळघरात त्यानं ती ठोकली, शिट्टी वाजवत. तुकडे मला दाखवले. मी म्हटलं, झकास.

खरी डिस्क या पत्राबरोबर आहे, मोज्यात गुंडाळलेली. ती कॉम्प्युटरला लावू नकोस. फ्रिजवर किंवा कुठेही ठेव, फक्त आपटू नकोस. वकिलाला द्यायची आहे. त्यात तारखा आहेत.

सव्वीस मिनिटं. आता शुक्रवारचं.

तो ७.४० ला निघतो. मी आतून किल्लीचा आवाज ऐकेन. दार नुसतं ओढून घेतलं तर ठीक, कुलूप फिरलं तर नाही. अकराला टिकटिक सुरू होईल, मी कॅमेऱ्यासमोर काम करत असेन. थांबली की कपड्यांची टोपली घेऊन खाली येईन. पासपोर्ट टोपलीत तळाशी. तो अनिमेषच्या ऑफिसच्या कपाटात असायचा. इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डासाठी आउसलेंडरबेहोर्डेच्या कचेरीत लागतो म्हणून मागून घेतलाय, आणि हे खोटं नाही, नोव्हेंबरात खरंच अपॉइंटमेंट आहे. फोन वरच राहील. सायकलींच्या दारातून बाहेर, एस-बानच्या लोकलने स्टुटगार्ट, तिथून मानहाइम. १.३८ ला पोचते, तू फलाटावर ये. अडीचला तो रिकामी खुर्ची बघेल.

फोन नसल्यामुळे मधे काही झालं तर मी तुला कळवू शकणार नाही. आणि तू येणार की नाही हेही मला कळणार नाही. गाडी उशिरा असणार, ते तुला सांगायला नको. तरी थांब. पुढच्या दोन गाड्यांपर्यंत थांब. मी त्याही गाड्यांत नसले तर तळमजल्यावरच्या फ्राऊ लोखनरना फोन कर, नंबर मागच्या बाजूला लिहिलाय.

ही फ्राऊ लोखनर एकाहत्तर वर्षांची आहे. काल जिन्यात मला म्हणाली, "आल्झो, म्हणजे आठवड्यातून चार वेळा धुणं? दोनच माणसं ना तुम्ही?" मी काही बोलायच्या आत म्हणाली, "माझा पहिला नवरा गाडीच्या मीटरचे आकडे लिहून ठेवायचा. मी कुठे किती किलोमीटर गेले ते." मी तिला विचारलं, पार्सल टाकाल का? "हो, गेनाऊ," म्हणाली, जसं काही मी रोजच विचारते. आज दोनच्या आत ती टपालात टाकणार आहे. सही घेऊनच मिळेल असं पाठवतेय. तुला उद्या किंवा परवा मिळायला हवं. आणि शुक्रवारी बारापर्यंत मी खाली दिसले नाही तर ती वर येऊन बेल दाबणार, दार उघडलं नाही तर पोलिसांना बोलावणार. हे तिनंच ठरवलं.

एवढं सगळं मी मोजून लिहिलंय, कारण मोजलं की हात स्थिर राहतो. नऊ मिनिटं आहेत.

साखरपुड्याच्या दिवशी तू मला गच्चीवर ओढून नेलं होतंस. "शरे, तू साडी बदलायला गेलीस तेवढ्यात तो तुझा फोन चाळत होता. मी पाहिलं." मी म्हटलं होतं, "तुला माझं चांगलं बघवत नाही." तुझं तोंड कसं झालं होतं ते मला आठवतं. मग तू खाली जाऊन सगळ्यांना आइस्क्रीम वाढलंस. लग्नालाही आलीस, कोपऱ्यात उभी राहिलीस, आणि त्यानंतर मी तुझा एकही फोन घेतला नाही. तू सोळा केलेस. मी मोजले होते.

तू म्हणशील, आता आठवण झाली का. म्हण. फलाटावर म्हण, गाडीत म्हण, मी ऐकून घेईन.

वर दोन ओळी खोडलेल्या दिसतील. एकच वाक्य दोनदा लिहून खोडलंय. पान बदलायला वेळ नाही, आणि बदलणारही नाही. वरच्या यंत्रावर मी पुसलेलं त्यानं वाचलं, मग इथे खोडलेलं तू वाचलंस तर काय बिघडलं. वाक्य असं आहे: मला भीती वाटते. रात्री नाही, दिवसा. अकरा वाजता आणि अडीच वाजता, आणि दाराशी किल्ली वाजते तेव्हा. या तळघरात वाटत नव्हती, पण हे लिहिताना इथेही वाटायला लागली.

एप्रिलच्या मेलमधलं ते वाक्य आधी त्याच्याकडे गेलं. ते तुझं होतं. ताई, चुकलं माझं.

मशीन थांबलं. कपडे वाळत घालून वर जायला हवं, अडीचच्या आत मला खुर्चीत बसलेलं दिसायचं आहे.

शुक्रवारी गाडीतून टोपली घेऊन उतरेल ती,
तुझी
शरू