दोरीवरची साडी

गजेंद्र भाऊजी,

लॉकडाऊनात गावबंदीसाठी तुम्ही आंजीच्या रस्त्यावर लाकूड आडवं टाकलं. पहाटे दूध घेऊन निघालेले तुमचे दादा त्याच्यावर आदळून जिवानिशी गेले. रस्ता रिकामा, म्हणून गाडी जोरात होती, असं सारे म्हणाले. तुम्ही पोलिसाईले लाकडावरचा लाल कपडा दाखवला. "कालच बांधलता, दादाले दिसला नाई."

भाऊजी, तो कपडा माह्या साडीचा. हे निघाले तेव्हा ती अंगणात दोरीवर अख्खी होती. मीच बाजूले सारून गाडी काढू दिली. दवाखान्यातून आली, तर पदर फाटलेला.

दर दिवाळीले तुम्ही मले लाल साडी काऊन आणता? औंदा आणू नका. फाटकी मी जपून ठेवली आहे. हे पत्रही तिच्यातच बांधून ठेवते.

तुमची वहिनी,
ज्योत्स्ना